गादी सरकलीय, चिनी उपचार घेताय? मग या चुका टाळा

कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली की माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सगळं ऐकतो. ॲक्युपंक्चर (सुया टोचणं), कपिंग (पाठीवर पेले चिकटवून त्वचा ओढणं), त्वेना (चिनी मर्दन) आता आपल्याकडेही मिळतं, आणि मग सुरू होतं, "एक झटका देऊन गादी बसवून टाका!"

सगळ्यात घातक हट्ट हाच. त्वेनात कुशीवर झोपवून खांदा एकीकडे, कंबर दुसरीकडे असा पीळ देतात. कट्ट आवाज येतो आणि माणूस खूश. तो आवाज सांध्यातल्या वायूचा असतो. गादी काही कप्प्यातून बाहेर आलेला ड्रॉवर नाही, ढकलला की बसला. एका गृहस्थांनी असाच झटका कुठेतरी घेतला होता. माझ्याकडे हसतच आले, "पायातली कळ एकदम गेली हो!" पण चालताना उजवी चप्पल सारखी निसटत होती. टाचांवर चालायला सांगितलं, तर उजवा चवडा उचलेचना. कळ गेली होती, कारण नसच काम करेनाशी झाली होती. सुई न लावता त्यांना त्याच दुपारी मणक्याच्या सर्जनकडे धाडलं. ऑपरेशन झालं, तरी चप्पल पायात टिकायला कित्येक महिने गेले.

माझ्याकडे सुईआधी प्रत्येकाला टाचांवर आणि चवड्यांवर चालावं लागतं. लोक वैतागतात. वैतागू देत. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली असेल, तर माझ्याकडे येऊच नका, थेट हॉस्पिटल गाठा.

दुसरे ते उतावळे. दोन वेळा सुया टोचून घेतात आणि "काही फरक नाही" म्हणत गायब. सरकलेल्या गादीमुळे पाय दुखणाऱ्या २२० जणांवर चीनमधल्या सहा रुग्णालयांत झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेसाठी वापरलेल्या नुसत्या दिखाव्याच्या खोट्या सुयांपेक्षा खऱ्या सुयांनी दुखणं जास्त कमी झालं, पण ४ आठवड्यांत १० वेळा टोचून. तेवढा धीर नसेल तर पैसे वाचवा. आणि "दुखतंय कमरेत, सुई गुडघ्यामागे का?" असा वाद घालू नका. ती वेइझोंगची जागा. कंबरदुखीला तीच गाठा, असं चिनी वैद्यांचं जुनं पद्यच आहे.

कपिंगचा डाग जितका काळा तितकी घाण निघाली, हे थोतांड आहे. त्वचेखालच्या बारीक केशवाहिन्या फुटतात, बस. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

पाय बधिर असेल तर मोक्साची, म्हणजे जळत्या वनस्पतीची, धग नको. चटका कळतच नाही, फोड आल्यावर कळतो.

पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका.

ऑनलाइन मिळणारी चिनी चूर्णं तर मला बघवत नाहीत. 'दू हुओ जी शेंग तांग' हा सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या चिनी वैद्याचा काढा कंबरदुखीसाठी प्रसिद्ध आहे. पण त्यातल्या 'शी शिन' या वनस्पतीत मूत्रपिंडाला घातक ॲरिस्टोलोकिक ॲसिड असू शकतं. पुडीवर सगळे घटक छापलेले नसतील तर मी ती पेशंटसमोरच कचऱ्यात टाकतो.