मेंदूतलं इस्ट्रोजेन मेंदूनेच बनवलंय, हे दाखवायचं कसं?

न्यूरोसायन्सच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचा एक घोटाळा हमखास होतो. मेंदूच्या तुकड्यात एस्ट्रॅडायॉल (इस्ट्रोजेनचं मुख्य रूप) सापडलं की तो लिहून मोकळा होतो, ‘मेंदू हॉर्मोन बनवतो.’ सापडणं आणि तिथे बनणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेरॉइड हॉर्मोन चरबीत विरघळतात, रक्तातून मेंदूत सहज शिरतात. म्हणून दावा उभा राहण्यासाठी तीन कामं करावी लागतात: शरीरातला पुरवठा तोडणं, मेंदूतलं एन्झाइम बंद करणं, आणि नेमकं तेच हॉर्मोन बाहेरून परत देऊन परिणाम पूर्ववत होतो का ते पाहणं. यातलं एक जरी राहिलं तरी परीक्षक तिथेच बोट ठेवतो, आणि ते बरोबरच असतं.

पहिल्या पायरीचं मूळ उदाहरण १९८१ सालचं आहे. फ्रान्समध्ये बोलिय हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि वृषणं काढून टाकली, तरी मेंदूत डीएचईए सल्फेट हे स्टेरॉइड टिकून राहिलं. ‘न्यूरोस्टेरॉइड’, म्हणजे मेंदूतच बनणारं स्टेरॉइड, हा शब्द या कामातून रुजला. कच्चा माल कोलेस्टेरॉल. रक्तातलं कोलेस्टेरॉल रक्त-मेंदू अडथळा ओलांडत नाही, म्हणून मेंदू स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर त्याचं प्रेग्नेनोलोन होतं, पुढे एकेका एन्झाइमने प्रोजेस्टेरॉन, अँड्रोजेन, आणि शेवटी अरोमॅटेज या एन्झाइममुळे टेस्टोस्टेरॉनचं एस्ट्रॅडायॉल. इथे दावा नेमका करा. रक्तातून आलेल्या टेस्टोस्टेरॉनचं मेंदूत एस्ट्रॅडायॉल होणं हे ‘मेंदूत रूपांतर’. कोलेस्टेरॉलपासून सगळी साखळी मेंदूत चालणं हे ‘मेंदूत निर्मिती’. दुसऱ्या दाव्यासाठी खूण लावलेलं कोलेस्टेरॉल किंवा प्रेग्नेनोलोन देऊन त्याच खुणेचं एस्ट्रॅडायॉल मिळवून दाखवावं लागतं.

सुरुवात कल्चरने करा

हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा स्मरणाशी जोडलेला भाग. त्याचे पातळ काप डिशमध्ये जिवंत ठेवले की ते स्लाइस कल्चर. त्यात अंडाशयही नाही आणि अ‍ॅड्रिनलही नाही, त्यामुळे उत्तर सगळ्यात स्वच्छ मिळतं. २००४ मध्ये अशाच कल्चरमध्ये अरोमॅटेज रोखणारं लेट्रोझोल घातल्यावर डेंड्राइटवरच्या (न्यूरॉनच्या फांद्यांवरच्या) काट्यांवरचे सिनॅप्स, म्हणजे न्यूरॉनमधले जोड, कमी झाल्याचं दिसलं होतं.

लेट्रोझोलचा रेणुभार २८५.३. डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलार स्टॉक करायचा तर दर मिलिलिटरला २.८५ मिलिग्रॅम घ्या. कल्चरमध्ये १०० नॅनोमोलार हवं, म्हणजे १ लाख पट विरलीकरण. ते एका फटक्यात करू नका. आधी मीडियममध्ये (कल्चरच्या पोषक द्रवात) १० मायक्रोमोलारचा मधला टप्पा करा आणि त्यातून १०० पट पातळ करा. कंट्रोल डिशमध्ये (औषध न दिलेल्या, तुलनेच्या डिशमध्ये) तेवढंच डीएमएसओ गेलंच पाहिजे.

गट चार: फक्त डीएमएसओ, लेट्रोझोल, लेट्रोझोलसोबत एस्ट्रॅडायॉल, आणि एकटं एस्ट्रॅडायॉल. तिसरा गट सगळ्यात मोलाचा. अरोमॅटेज बंद झालं की एस्ट्रॅडायॉल घटतं, पण त्याच वेळी न वापरलेलं टेस्टोस्टेरॉन साठतं. सिनॅप्स कमी झाले ते कशामुळे? एस्ट्रॅडायॉल परत दिल्यावर ते भरून आले, तरच ‘एस्ट्रॅडायॉल नव्हतं म्हणून’ असं म्हणता येतं. हे एस्ट्रॅडायॉल १ ते १० नॅनोमोलारच्या पट्ट्यात ठेवा. मायक्रोमोलार मात्रेत काहीही ‘बरं’ होताना दिसू शकतं, आणि त्याचा शरीराशी संबंध नसतो.

प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा मीडियममुळे. फिनॉल रेड हा रंग स्वतःच सौम्य इस्ट्रोजेनसारखा वागतो, म्हणून त्याविना मिळणारं मीडियम घ्या. स्लाइस कल्चरच्या नेहमीच्या मीडियममध्ये २५ टक्क्यांपर्यंत घोड्याचं सीरम असतं आणि सीरममध्ये स्टेरॉइड असतात. प्रयोगाच्या दिवसांत सीरमविरहित मीडियम वापरा, ते जमत नसेल तर निदान कोळशाने स्टेरॉइड काढलेलं सीरम.

जिवंत प्राण्यात

इथे अडचण वाढते. पोटात किंवा त्वचेखाली दिलेलं लेट्रोझोल अंडाशयातलं अरोमॅटेजही बंद करतं, पिट्युटरीला इस्ट्रोजेनचा इशारा मिळेनासा होतो आणि तिचं एलएच हे हॉर्मोन चढतं. मग दिसलेला परिणाम मेंदूतल्या एन्झाइमचा की अंडाशयाचा, हे सांगता येत नाही. दोन वाटा आहेत: मादीची अंडाशयं आधी काढा, किंवा औषध कॅन्युलाने, म्हणजे बारीक नळीने, थेट मेंदूत द्या. जमल्यास दोन्ही करा. अंडाशयं खरंच पूर्ण निघाली का, हे शेवटी गर्भाशयाचं वजन करून पाहा. इस्ट्रोजेन गेलं की गर्भाशय आक्रसतं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची तपासणी हीच, तरी ती बऱ्याचदा विसरली जाते.

उंदीर काय खातोय ते पाहा. सोयाबीन असलेल्या खाद्यात वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन भरपूर असतं. किमान दोन आठवडे आधीपासून कमी-सोया खाद्य द्या आणि सगळ्या गटांना एकाच बॅचचं द्या.

जनुकीय मार्ग जास्त नेमका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुढच्या मेंदूतल्या न्यूरॉनमधूनच अरोमॅटेजचं जनुक काढलं होतं. तिथलं एस्ट्रॅडायॉल ७० ते ८० टक्क्यांनी घटलं, स्मरणशक्तीच्या चाचण्यांत उंदीर मागे पडले, आणि स्लाइसवर एस्ट्रॅडायॉल टाकल्यावर सिनॅप्सची दीर्घकालीन बळकटी परत आली. पुरवठा तोडणं आणि परत देणं, दोन्ही एकाच कामात.

मोजमाप: आकडे आधी, मशीन नंतर

१ मिलिमीटर व्यासाचा पंच आणि ३०० मायक्रॉन जाडीचा क्रायोस्टॅट (गोठवून कापलेला) काप घेतला तर एका पंचाचं आकारमान सुमारे ०.२४ घन मिलिमीटर, म्हणजे साधारण पाव मिलिग्रॅम ऊतक. एस्ट्रॅडायॉलचा रेणुभार २७२.४. ऊतकात ते १ नॅनोमोलार असेल तर एका पंचात फक्त ०.०६ पिकोग्रॅम भरतं. २० पंच एकत्र केले तर सुमारे १.३ पिकोग्रॅम. हे गणित प्राणी मारण्याआधी करा आणि मास स्पेक्ट्रोमीटर चालवणाऱ्या माणसाला दाखवा. त्याच्या यंत्राची शोधमर्यादा यापेक्षा वर असेल तर प्रयोगाची आखणी बदलावी लागेल, प्राणी वाया घालवून उपयोग नाही.

साधे एलायझा किट (अँटिबॉडीने मोजणारे) इथे फसवतात. ते सीरमसाठी बनवलेले असतात. मेंदूतली चरबी अँटिबॉडीच्या कामात अडथळा आणते आणि आकडे फुगतात. ऊतक मिथेनॉलमध्ये एकजीव करून, सी-१८ या गाळणी-कॉलमवर चढवून, ४० टक्के मिथेनॉलने धुऊन ९० टक्के मिथेनॉलने उतरवणं ही रुळलेली पद्धत आहे. ड्युटेरियमची खूण असलेलं एस्ट्रॅडायॉल ऊतक एकजीव करतानाच घाला, शेवटी नव्हे. वाटेत किती माल हरवला हे त्यावरूनच कळतं. एस्ट्रॅडायॉल नीट आयनित होत नाही, म्हणून डॅन्सिल क्लोराइडशी जोडून मोजतात. काचेच्या नळ्या वापरा, कारण स्टेरॉइड प्लॅस्टिकला चिकटतात.

वेळेचा हिशोब मिनिटांत ठेवा. कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या फॉस्फोरिलेशनमुळे (एन्झाइमला फॉस्फेट जोडलं जाण्यामुळे) अरोमॅटेजचं काम मिनिटांत मंदावतं, आणि झेब्रा फिंच पक्ष्यात मादीच्या सहवासाने नराच्या मेंदूतलं एस्ट्रॅडायॉल अर्ध्या तासात वाढल्याचं मायक्रोडायलिसिसने (मेंदूत बसवलेल्या बारीक नळीतून नमुने घेऊन) मोजलं गेलंय. पिंजरा उचलल्यापासून मेंदू गोठेपर्यंतची मिनिटं प्रत्येक प्राण्यासाठी लिहून ठेवा. रक्त धुऊन काढण्यासाठी पर्फ्यूजन (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडणं) करावं का? कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हॉर्मोन मोजायचं असेल तर रक्ताची भेसळ मोठी असते. अंडाशय काढलेल्या मादीच्या रक्तात एस्ट्रॅडायॉल इतकं कमी असतं की मेंदूत उरलेलं थोडं रक्त फारसं बिघडवत नाही. तिथे पर्फ्यूजनची मिनिटं वाचवणं आमच्या मते जास्त महत्त्वाचं.

दुरुस्तीचा प्रश्न

मेंदूने बनवलेलं इस्ट्रोजेन जखमी मेंदूच्या दुरुस्तीत कामी येतं का, हा पुढचा प्रश्न. एरवी अरोमॅटेज मुख्यतः न्यूरॉनमध्ये असतं. जखम झाली की ते जखमेभोवतीच्या मदतनीस पेशींमध्ये, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइटमध्येही दिसू लागतं. १९९९ मध्ये हे उंदीरवर्गीय प्राण्यांत दिसलं, पुढे झेब्रा फिंचमध्ये. तपासण्यासाठी बारीक सुईची जखम करा आणि २४ तास व ७२ तास असे दोन टप्पे ठेवा. कंट्रोल प्राण्याची कवटी उघडायचीच, फक्त सुई आत न्यायची नाही. एका बाजूला फॅड्रोझोल (अरोमॅटेज रोखणारं आणखी एक औषध) आणि दुसऱ्या बाजूला सलाइन दिलं तर प्राणी स्वतःचाच कंट्रोल होतो, पण सूज दोन्ही बाजूंना पसरू शकते, त्यामुळे अजिबात जखम नसलेला तिसरा गटही ठेवा. अरोमॅटेजच्या अँटिबॉडी भलत्याच प्रथिनांना चिकटतात म्हणून बदनाम आहेत. अरोमॅटेज नसलेल्या नॉकआउट उंदराचा काप प्रत्येक स्लाइड-संचात घाला. तिथेही रंग आला तर ती अँटिबॉडी बाद. जीएफएपी या मदतनीस पेशींच्या खूण-प्रथिनासोबत दुहेरी रंग द्या, आणि मरणाऱ्या पेशींची मोजणी गट माहीत नसलेल्या माणसाकडून करून घ्या.

भारतात यातलं काहीही करण्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते. अर्जात गटातली प्राणीसंख्या कशी ठरवली ते विचारलं जातं. वरचा पिकोग्रॅमचा हिशोब तिथे थेट कामी येतो.

उंदरात मेंदू वाचला म्हणजे माणसात औषध मिळालं असं नव्हे. प्रोजेस्टेरॉन प्राण्यांतल्या डोक्याच्या जखमांवर अनेक प्रयोगशाळांत उपयोगी ठरलं होतं. माणसांवरच्या प्रोटेक्ट-३ आणि सिनॅप्स या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल डिसेंबर २०१४ मध्ये आले आणि दोन्हींत फायदा दिसला नाही. म्हणून दुरुस्तीच्या प्रयोगात एकच मात्रा देऊन थांबू नका, निदान तीन घ्या. नर आणि मादी दोन्ही घ्या. आणि हॉर्मोन जखमेच्या आधी नव्हे तर नंतर द्या, एका गटाला १ तासाने, एका गटाला ६ तासांनी, कारण अपघातातला रुग्ण जखम झाल्यावरच रुग्णालयात पोहोचतो.