ब्रिटनमध्ये वाणसामान घेताना: पाकिटाची मागची बाजू कशी वाचावी

भारतातून नुकतेच ब्रिटनमध्ये आलेले आपले लोक सुपरमार्केटमध्ये एखादे पाकीट हातात घेतात, तेव्हा त्यांची नजर आपोआप हिरवा ठिपका शोधू लागते. तो इथे नसतो. शाकाहारी पदार्थावर ठरावीक खूण छापण्याची सक्ती इथल्या कायद्यात नाही, आणि ‘शाकाहारी’ म्हणजे काय याची कायदेशीर व्याख्याही नाही. उत्पादक स्वतःहून ‘सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स’ असे लिहितात किंवा एखाद्या संस्थेची ‘व्ही’ अक्षराची खूण छापतात. भारतात अंडे असलेल्या पदार्थावर मांसाहाराची खूण येते, इथे मात्र अंडे शाकाहारात धरले जाते. म्हणून ज्यांच्या घरी अंडे चालत नाही, त्यांनी ‘व्ही’ पाहून समाधान न मानता मागच्या बाजूची घटकांची यादी वाचलीच पाहिजे.

त्या यादीत काही शब्द ठळक छापलेले असतात आणि नवीन माणसाची गल्लत नेमकी तिथे होते. कायद्याने ठरवलेले १४ अ‍ॅलर्जीकारक घटक यादीत उठून दिसावेत, असा नियम आहे. अंडी, दूध, मासे, शेंगदाणे, तीळ, मोहरी, सोयाबीन, ग्लूटेन असलेली धान्ये हे सगळे त्यांत येतात. त्यामुळे केकमधले अंडे किंवा वूस्टरशायर सॉसमधले अँकोव्ही मासे क्षणात सापडतात. परंतु डुकराची चरबी, म्हणजे ‘लार्ड’, आणि गाईच्या किंवा डुकराच्या कातडी-हाडांपासून केलेले जिलेटिन यांचा त्या चौदांत समावेश नाही, म्हणून ती नावे यादीत साध्या अक्षरांत येतात आणि घाईत नजरेतून निसटतात. ठळक अक्षरे अ‍ॅलर्जी असणाऱ्यांच्या जिवासाठी आहेत, आपल्या आहारनियमांसाठी नाहीत, हे एकदा नीट ध्यानात घेतले की यादी वाचण्याची पद्धतच बदलते. मुलांच्या जेलीच्या गोळ्या, मार्शमेलो, काही दही आणि मूस यांत जिलेटिन हमखास शोधावे. यादीतले ‘ई’ने सुरू होणारे क्रमांक पदार्थात मिसळलेल्या रंगांचे आणि इतर मिश्रकांचे असतात. रंगांमध्ये ई १२० हा किड्यांपासून काढलेला लाल रंग आहे. तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा ई ४७१ वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य असू शकतो आणि नुसत्या क्रमांकावरून त्याचा उगम कळत नाही. अशा वेळी ‘व्ही’ची खूणच उपयोगी पडते.

चीजच्या बाबतीत तर यादीही पुरत नाही. दूध नासवण्यासाठी वापरलेले रेनेट यादीत लिहिण्याची सक्ती नाही, आणि पारंपरिक पार्मेझानमध्ये ते वासराच्या जठरातून काढलेले असते. इथल्या अनेक चेडर चीजमध्ये शाकाहारी रेनेट असते आणि तसे पाकिटावर लिहिलेलेही असते. तयार पेस्टो, म्हणजे बेसिलच्या पानांची चीज घातलेली चटणी, घेताना मात्र आत कोणते चीज आहे ते अवश्य पाहावे.

घरात कोणाला शेंगदाणे, काजू किंवा तिळाची अ‍ॅलर्जी असेल, तर एक गोष्ट मी मनापासून सांगतो. नताशा एडनान-लापरूस ही १५ वर्षांची मुलगी २०१६ मध्ये दुकानातल्या तयार सँडविचमधील तिळामुळे दगावली, कारण त्याच्या वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम ऑक्टोबर २०२१ मध्ये लागू झाला आणि तेव्हापासून दुकानातच बनवून, बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही घटकांची पूर्ण यादी द्यावी लागते. आपल्या लोकांच्या मिठाईच्या दुकानात आधीच भरून ठेवलेल्या डब्यांनाही हाच नियम आहे. यादी नसेल तर संकोच न करता विचारावे, आणि उत्तर मोघम वाटले तर ती वस्तू घेऊ नये.

आता साखरेकडे वळतो, कारण मुलांच्या तब्येतीच्या दृष्टीने मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाकिटाच्या पुढे लाल, पिवळ्या आणि हिरव्या चौकटी दिसतात. त्या ऐच्छिक असतात. त्यांतील आकडे बहुधा एका ‘पोर्शन’चे असतात, आणि तो पोर्शन उत्पादकाने ठरवलेला असल्यामुळे पुष्कळदा आपण प्रत्यक्ष खातो त्यापेक्षा लहान असतो. दोन पदार्थांची तुलना करायची असेल तर मागच्या तक्त्यातील १०० ग्रॅमचा रकाना पाहावा. घन पदार्थात १०० ग्रॅममागे २२.५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर किंवा १.५ ग्रॅमपेक्षा अधिक मीठ असेल, तर ते प्रमाण लाल ठरते. या तक्त्यातील साखर एकूण साखर असते. साध्या दुधातील नैसर्गिक साखरही तीत मोजली जाते, म्हणून दह्यापुढचा ४–५ ग्रॅमचा आकडा पाहून घाबरू नये. उलट, पुढच्या चौकटींतील टक्केवारी काढताना पाकिटावर दिवसाला ९० ग्रॅम एकूण साखर गृहीत धरलेली असते, तर वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस मिळून प्रौढांनी ३० ग्रॅमच्या आत राहावे, असा सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा १९ ग्रॅम आहे. टक्केवारी लहान दिसली म्हणून पदार्थ निर्धोक ठरत नाही.

पेयांचे आणखी एक आहे. एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा अधिक साखर असलेल्या, साखर घातलेल्या शीतपेयांवर इथे कर आहे. तो टाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी साखर कमी करून कृत्रिम गोडवा वापरला, त्यामुळे ‘डाएट’ न लिहिलेल्या सरबतातही सुक्रालोज किंवा अ‍ॅस्पार्टेम सापडते. माझ्या मते लहान मुलांना पाणी आणि साधे दूधच द्यावे. १.२ टक्क्यांहून अधिक मद्यांश असलेल्या पेयांवर घटकांची यादी बंधनकारक नाही, आणि बिअर किंवा वाइन निवळण्यासाठी माशापासून केलेला पदार्थ वापरला असला तरी तो लिहावा लागत नाही.

भारतातून आणलेल्या पाकिटांवर मिठाऐवजी सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. फरसाणाच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे, म्हणजे इथल्या मापाने ते लाल आहे. प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा ६ ग्रॅम आहे.

पिठाच्या पिशवीवर ‘होलमील’ लिहिलेले असेल तरच ते कोंड्यासह पूर्ण गव्हाचे असते. साध्या पांढऱ्या पिठाच्या यादीत कॅल्शियम, लोह आणि जीवनसत्त्वे दिसतात, ती कायद्यानेच घातलेली असतात.

किमतीसाठी फळीच्या कडेवरची चिठ्ठी वाचावी. मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा १०० ग्रॅमचा दर असतो, आणि मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असे नाही.

शेवटी तारखा. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चवीची आणि दर्जाची आहे. ती उलटलेली डाळ, बिस्किटे किंवा मसाले नीट ठेवलेले असतील तर फेकून देण्याचे कारण नाही. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख आहे आणि ती उलटलेला पदार्थ वासाला चांगला वाटला तरी खाऊ नये. संध्याकाळी पिवळी चिकटपट्टी लावून स्वस्तात विकायला ठेवलेल्या मालावर बहुधा त्याच दिवसाची तारीख असते. गोठवण्याजोगा पदार्थ असेल तर त्या रात्री बारा वाजण्यापूर्वी तो फ्रीझरमध्ये ठेवावा, आणि बाहेर काढून वितळल्यावर २४ तासांत संपवावा.