रिफॉर्मरवर या चुका टाळा: कॅरेज परत येताना लक्ष कुठे असतं?

रिफॉर्मर म्हणजे पिलाटेसच्या व्यायामाचं स्प्रिंगांचं मशीन. त्याच्या वर्गात मी पाठ करून उभी असले तरी कोण घाईत आहे ते मला कळतं. कॅरेज, म्हणजे मशीनची सरकती गादी, परत येते आणि स्टॉपरवर ठक्कन आदळते. तो आवाज आला की समजायचं, पाय ताणेपर्यंत मन व्यायामात होतं, परत येताना दुसरीकडे गेलं.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातल्या. पायांनी फूटबार, म्हणजे पायाकडचा दांडा, ढकलला की स्प्रिंग ताणली जाते. परत येताना ती स्प्रिंग कॅरेजला जोरात ओढत असते आणि त्या ओढीला धरून ठेवत हळूहळू आत येणं हा व्यायामाचा दुसरा अर्धा भाग. तो स्प्रिंगच्या हवाली केलात तर निम्मी मेहनत वाया गेली. जोसेफ पिलाटेस यांनी स्वतः या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हटलं होतं, म्हणजे नियंत्रणाची विद्या. 1926 साली जर्मनीहून न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी ती शिकवायला सुरुवात केली; पिलाटेस हे नाव रूढ झालं ते नंतर.

उपाय साधा आहे. जाताना दोन आकडे मोजा, येताना चार. कॅरेज पूर्ण आत येऊ द्या, पण टेकताना आवाज होता कामा नये. काही जण आवाजाच्या धास्तीने वीतभर अलीकडेच थांबतात, तेही नको. दहा वेळा घाईघाईने करण्यापेक्षा सहा वेळा असं करा, पोटऱ्या आणि मांड्यांना फरक लगेच जाणवेल.

जास्त स्प्रिंग म्हणजे जास्त कठीण, हा गैरसमज

फूटवर्कमध्ये, म्हणजे पाठीवर झोपून पायांनी फूटबार ढकलताना, हे खरं आहे. पण फूटबारवर हात आणि शोल्डर ब्लॉकला (झोपल्यावर खांदे टेकतात त्या ठोकळ्यांना) पाय टेकवून प्लँक करताना स्प्रिंग हलकी केली की कॅरेज सैल धावते आणि ती आवरायचं सगळं काम पोटावर येतं. पाय स्ट्रॅपमध्ये घालून गोल फिरवतानाही तसंच. स्प्रिंग फार हलकी असेल तर पाय जड होऊन खाली जातात आणि कंबर उचलली जाते. फार जड असेल तर पाय वर खेचले जाऊन माकडहाड गादीवरून सुटतं. योग्य स्प्रिंग ती, जिच्यावर पाय फिरले तरी ओटीपोट हलत नाही. पोटावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आहे असं समजून फिरवा. वाटी सांडेल असं वाटलं की वर्तुळ लहान करा.

रंगांवरही विसंबू नका. एका कंपनीची लाल स्प्रिंग दुसरीच्या लाल स्प्रिंगइतकी ताठ असेलच असं नाही. नव्या ठिकाणी सवयीने रंग पाहून स्प्रिंगा लावल्या आणि पहिल्याच फेरीत कॅरेज अंगाखालून सटकली, असं माझ्याबाबतीत झालं आहे. तेव्हापासून अनोळखी मशीनवर मी आधी हाताने कॅरेज ढकलून पाहते.

फूटवर्कमध्ये टाचा आणि खांदे

चवड्यांवर असताना टाचेची उंची बदलता कामा नये. टाचेखाली एक न दिसणारी फळी आहे आणि गुडघे वाकले काय, सरळ झाले काय, टाच तिथेच राहणार, असं मनाशी धरा. गुडघे आत कलत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणा. सरळ करताना गुडघ्याला मागे झटका देऊन कुलूप लावू नका.

माझ्याकडे येणाऱ्या एक काकू रोज म्हणायच्या, ‘‘अगं, व्यायाम पायांचा आणि दुखते मान!’’ मी बाजूला बसून पाहिलं. पाय ताणायला लागले की त्यांचे खांदे कानांकडे सरकायचे, हनुवटी वर व्हायची, जबडा आवळला जायचा. खांदे ब्लॉकला टेकणारच, ढकलण्याचा जोर कॅरेजला मुख्यतः तिथूनच मिळतो. पण टेकलेला खांदा वेगळा आणि आक्रसलेला वेगळा. आम्ही एक स्प्रिंग काढली आणि प्रत्येक वेळी श्वास सोडताना दात सुटे करायचे एवढंच ठरवलं. दोन-तीन आठवड्यांत मानेची तक्रार थांबली.

श्वास

‘हंड्रेड’मध्ये पाठीवर झोपून, डोकं उचलून हात वर-खाली हलवायचे असतात: पाच ठोके श्वास आत, पाच बाहेर, असं दहा वेळा. इथे बहुतेक जण हात जोरात हलवतात आणि दम कोंडून ठेवतात. मग पोट फुगून वर येतं. श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीकडे भरा. मान थकली तर डोकं खाली ठेवून हात चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

चढताना, उतरताना

हे नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर दुखापत होते. उभ्याने करायच्या व्यायामात पहिला पाय नेहमी स्थिर फळीवर, मग दुसरा कॅरेजवर. उतरताना उलट: आधी कॅरेजवरचा पाय काढा, फळीवरचा शेवटी. स्प्रिंग हुकात बसली आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कॅरेजवर भार टाकू नका. कंबर उचलून पाय डोक्यावरून न्यायचे असतील तर हेडरेस्ट आधी खाली पाडा. मोकळे केस बांधा, ओढणी बाजूला ठेवा. गरोदरपण, मणक्याचा त्रास किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून या आणि ट्रेनरलाही पहिल्या दिवशीच सांगा. स्प्रिंग लावतानाच त्याचा विचार करावा लागतो.