जर्मन शिकताना इंग्रजीला मध्ये येऊ देऊ नका

मी २००९ साली सांगलीहून जर्मनीतील स्टुटगार्टला नोकरीसाठी आलो. गेल्या काही वर्षांत या भागात मराठी माणसांचे येणे पुष्कळ वाढले आहे. पूर्वी प्रामुख्याने अभियंते येत असत. आता रुग्णालयांत परिचारिका येतात, कारागीर येतात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने इथल्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून चौकशी करणारेही वाढले आहेत. त्यांतील बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: ऑफिसचे सगळे काम इंग्रजीत चालत असेल, तर जर्मन लगेच शिकायलाच हवी का? या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी स्वतःला तीन वर्षे देत राहिलो होतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्या तीन वर्षांत मला जर्मनचा एकही तास चुकल्यासारखा वाटला नाही, कारण सहकारी उत्तम इंग्रजी बोलत होते आणि दुकानात बोट दाखवून भागत होते. २०१२ मध्ये मी दुसरे घर भाड्याने घेतले. करारनामा अकरा पानांचा होता. भाडेकरूने घर सोडताना तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यायची असते, एवढे मला ऐकून ठाऊक होते, म्हणून ‘क्युंडिगुंग’, म्हणजे घर सोडण्याची सूचना, हा शब्द दिसताच ते कलम समजले असे मी धरून चाललो. त्याच कलमात पुढे ‘फेर्त्सिश्टन’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ ‘हक्क सोडून देणे’ असा होतो, आणि त्या वाक्याचा अर्थ असा होता की पहिली दोन वर्षे दोन्ही पक्ष घर सोडण्याचा किंवा सोडवून घेण्याचा नेहमीचा हक्क वापरणार नाहीत. समोर बसलेल्या व्यवस्थापकाला ‘या शब्दाचा अर्थ काय’ असे विचारण्याची मला लाज वाटली आणि मी सही केली. चौदा महिन्यांनी कामासाठी मला दुसऱ्या शहरात जावे लागले. नवा भाडेकरू मिळेपर्यंत सात महिने मी दोन घरांचे भाडे भरले. जुन्या घराचे भाडे महिना ९४० युरो होते. म्हणजे ६,५८० युरो एका क्रियापदापायी गेले. ऑफिसातली इंग्रजी ऑफिसच्या दारापर्यंतच पुरते. घरमालक, बालवाडी, डॉक्टरांची स्वागतिका, विमा आणि नगरपालिका या सर्वांशी जर्मनमध्येच व्यवहार करावा लागतो, आणि पैसे जातात ते याच ठिकाणी. हे मी प्रत्येक नवागताला सांगतो आणि पुन्हा सांगतो: न समजलेल्या शब्दाखाली रेघ मारा, कागद घरी घेऊन या, आणि अर्थ कळेपर्यंत सही करू नका.

आता किती काळ लागतो ते. तीन महिन्यांत जर्मन शिकवू असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना जर्मनसाठी सुमारे ३६ आठवडे देते, आणि ते अधिकारी दिवसभर दुसरे काहीच करत नाहीत. इथल्या शासनाच्या एकात्मता अभ्यासक्रमात बी-एक, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः करता येतील अशी मधली पातळी गाठण्यासाठी भाषेचे ६०० तास धरलेले आहेत. नोकरी सांभाळून रोज एक तास दिला तर दीड ते दोन वर्षे लागतील, असा हिशेब मनाशी ठेवावा. मोठ्या वयात भाषा येत नाही हे खरे नाही. लहान मुलांचा उच्चार चांगला बसतो, पण प्रौढ माणसाला व्याकरणाचा नियम एकदा सांगून समजतो, आणि आपल्याकडे तर त्यासाठी आणखी एक भांडवल आहे, ज्याकडे बहुतेक मराठी माणसे दुर्लक्ष करतात.

ते भांडवल म्हणजे मराठी. आपण जर्मन शिकतो ती इंग्रजी पुस्तकांतून, इंग्रजी ॲपमधून आणि इंग्रजी अर्थ पाठ करून. त्यामुळे इंग्रजीत नसलेली प्रत्येक गोष्ट अवघड वाटू लागते, वस्तुतः तीच गोष्ट आपल्या तोंडात लहानपणापासून असते. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रजीभाषक हताश होतात. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. टेबल ‘ते’ का आणि खुर्ची ‘ती’ का, असे आपण कधी विचारले नाही. ऐकत गेलो आणि बसले. ‘शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागलेला शब्द नेहमी नपुंसकलिंगी होतो, म्हणून ‘मेड्शेन’ म्हणजे मुलगी हा शब्दही ‘दास’ हे नपुंसकलिंगी उपपद, म्हणजे नामाआधी येणारा छोटा शब्द, घेतो. याचे इंग्रजी पुस्तकाला नवल वाटते. ‘ते पोर’, ‘ते कोकरू’ म्हणणाऱ्याला नवल वाटण्याचे कारण नाही.

विभक्तीचेही तसेच. ‘मोठा माणूस’ याला ‘ला’ लागला की आपण ‘मोठ्या माणसाला’ म्हणतो; विशेषणसुद्धा बदलते. जर्मनमध्ये ‘डेअर ग्रोसऽ मान’ चे ‘डेम ग्रोसन मान’ होते ते याच कारणाने, फक्त तिथे बदलाचा मुख्य भार नामाऐवजी त्याच्या आधीच्या उपपदावर पडतो. ‘मला आवडते’ हे जर्मनमध्ये ‘दास गेफेल्ट मिअर’, म्हणजे शब्दशः ‘ते आवडते मला’. ‘मला थंडी वाजते’ याला ‘मिअर इस्ट काल्ट’, इथेही ‘मला’च. इंग्रजीतून विचार करणारा मनुष्य ‘मी थंड आहे’ असे म्हणून बसतो, आणि त्याचा अर्थ जर्मन माणसाला ‘मी निष्ठुर आहे’ असा लागू शकतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते याचा बाऊ केला जातो. आपले क्रियापद नेहमीच शेवटी असते. आपल्याला खरोखर नवे शिकायचे आहे ते मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी ठेवणे, आणि तुटणारी क्रियापदे, म्हणजे ज्यांचा पहिला तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जातो अशी. त्यांवर वेळ खर्च करा.

आकड्यांत आणि घड्याळात मराठी सर्वांत जास्त उपयोगी पडते. ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’ म्हणजे ‘एक आणि वीस’. एकवीस हा शब्दही तसाच बनला आहे. दूरध्वनी क्रमांक जोडीने सांगितला की इंग्रजीत आकडे मांडणाऱ्याचे आकडे उलटे होतात, पण बावीस, बत्तीस, बेचाळीस या चालीने ऐकले तर होत नाहीत. अपवाद एकोणतीस-एकोणचाळीसचा, तिथे जर्मन सरळ ‘नऊ आणि वीस’ असे म्हणते. वेळेच्या बाबतीत ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच. इंग्रजीच्या सवयीने नवागत ते साडेतीन समजतात आणि पाहुणचाराला एक तास उशिरा पोहोचतात, जे इथे फार मनाला लावून घेतले जाते. वास्तविक आपला ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’ यावरूनच आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. ‘हाल्ब द्राय’ याचे गणित तेच आहे. स्टुटगार्टकडे तर पावणेतीनला ‘द्रायफिअर्टल द्राय’ म्हणतात. पावणेतीनमध्ये जसा तीनचा उल्लेख येतो, तसाच इथेही येतो. मात्र ‘फिअर्टल द्राय’ म्हणजे सव्वातीन नव्हे, तर सव्वादोन. तेवढे पाठच करावे लागेल.

उच्चारांबद्दल थोडक्यात: ‘झेड’ या अक्षराचा उच्चार ‘चांगला’ मधल्या ‘च’ सारखा होतो आणि तो आपल्याला आयता येतो. दोन टिंबांच्या ‘यू’साठी जिभेने ‘ई’ म्हणावे आणि ओठांचा ‘ऊ’ करावा. ‘इश’ मधला शेवटचा ध्वनी मराठीत नाही. तो ऐकूनच येतो.

शब्द पाठ करण्यासाठी मी चपलांच्या खोक्यात कार्डे ठेवत असे आणि अजूनही तेच सुचवतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एकाच रात्री पन्नास शब्द घोकण्यापेक्षा दहा शब्द आज, उद्या, चार दिवसांनी आणि पंधरवड्याने पाहावेत. विज्ञान-पत्रकार झेबास्टिआन लाइटनर याने १९७२ मध्ये याच कल्पनेवर कप्प्यांच्या खोक्याची पद्धत मांडली: आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, विसरलेले पहिल्या कप्प्यात परत येते. हल्ली मोबाइलवर हे आपोआप होते. कार्डावर सुटा शब्द कधीही लिहू नका. उपपदासह नाम आणि स्वतःच्या दिवसातले एक वाक्य लिहा, आणि अर्थ मराठीत लिहा.

बोलण्याच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. बरोबर येईपर्यंत थांबणारा मनुष्य कधीच बोलत नाही. जर्मन माणसे तुम्ही अडखळताच इंग्रजीवर येतात; ते मदत म्हणून येतात, पण त्या मदतीने तुमचे नुकसान होते. त्यांना नम्रपणे सांगा, ‘बिट्टऽ आउफ डॉइच, इश लेर्नऽ नॉख’, म्हणजे कृपया जर्मनमध्ये बोला, मी अजून शिकतो आहे. हे वाक्य मला माझ्या जिन्यावरच्या वृद्ध शेजारीणबाईंनी शिकवले. इथे इमारतीचा जिना आठवड्याच्या पाळीने स्वच्छ करण्याची ‘केअरवोखऽ’ नावाची प्रथा आहे, आणि आमच्या दोघांच्या पाळ्या लागून येत असत. त्यांना इंग्रजी येत नव्हते, ही माझ्या भाषेच्या दृष्टीने त्या शहरातील सर्वांत मोठी सोय ठरली. त्या प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करत. आपल्याकडे वडीलधारे सोडल्यास कोणी असे करत नाही, म्हणून सुरुवातीला अपमान वाटतो. तो अपमान नसतो. तुमचे बोलणे त्यांनी गंभीरपणे ऐकले असा त्याचा अर्थ असतो. संबोधनाबाबत ‘झी’ म्हणजे आपले अहो-जाहो, आणि ‘दू’ म्हणण्याचा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीकडून यावा लागतो, एवढे सांभाळले की पुरे.

वर्गासाठी नगरपालिकेच्या लोकविद्यापीठात, म्हणजे ‘फोल्क्सहोखशूलऽ’मध्ये नाव घालावे. स्टुटगार्टमध्ये ते रोटेब्यूलप्लात्सजवळ आहे आणि शुल्क खाजगी संस्थांहून सहसा कमी असते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात ए-दोनपर्यंत करून आलेल्यांनी इथे येऊन सहा महिने विश्रांती घेऊ नये; तेवढ्यात निम्मे जाते. ‘डॉइचऽ वेलऽ’ या प्रसारण संस्थेचे सावकाश वाचलेल्या बातम्यांचे ध्वनिमुद्रण फुकट मिळते; ते रोज ऐकावे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या वास्तव्य परवान्यावर असाल तर बी-एकचे प्रमाणपत्र असल्यास कायम वास्तव्याचा परवाना २१ महिन्यांनंतर मागता येतो, ए-एकवर २७ महिन्यांनंतर. नागरिकत्वालाही बी-एक लागते.

आपल्या लोकांविषयी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. गणेशोत्सवाला, कोजागरीला मराठी मंडळात अवश्य यावे. परक्या देशात त्याचा आधार फार मोठा असतो. परंतु प्रत्येक शनिवार-रविवार त्याच चार कुटुंबांत जाऊ लागला की दहा वर्षांनीही डॉक्टरांकडे जाताना आठ वर्षांच्या मुलाला दुभाषा म्हणून न्यावे लागते. मी हे दृश्य अनेकदा पाहिले आहे आणि ते मला प्रत्येक वेळी अस्वस्थ करते. आईच्या आजाराची माहिती मुलाने डॉक्टरांना सांगायची, हे ओझे मुलाच्या वयाचे नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ गावातल्या एखाद्या ‘फेराइन’ला, म्हणजे छंदाच्या संस्थेला द्या, मग ती गाण्याची असो, बुद्धिबळाची असो किंवा बागकामाची. तिथे विषय ठरलेला असतो, त्यामुळे तेच शंभर-दोनशे शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतात आणि बोलणे सोपे जाते.

याहून अधिक काळजी मला घरी राहिलेल्या जोडीदाराची वाटते. ब्लू कार्डधारकाच्या पतीला किंवा पत्नीला येण्यापूर्वी भाषेचा दाखला द्यावा लागत नाही. ही सवलत चांगली आहे, पण तिचा परिणाम असा होतो की बहुधा पत्नी एकही शब्द न शिकता येते, लगेच मूल होते, आणि नवऱ्याचे ऑफिस इंग्रजीत असल्यामुळे घरात जर्मन कोणालाच येत नाही. नागपूरच्या किंवा औरंगाबादच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या स्त्रिया इथे पाच-पाच वर्षे बालवाडीतल्या शिक्षिकेशी बोलायला घाबरताना मी पाहिल्या आहेत. नवऱ्यांना माझे सांगणे असे आहे की पहिल्या वर्षी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मूल तुम्ही सांभाळा आणि त्या वेळी पत्नीला वर्गाला जाऊ द्या. स्वतःचा वर्ग त्यानंतर ठरवा.

जर्मनीच्या दक्षिणेत आल्यावर स्वाबिअन या इथल्या बोलीने गोंधळून जाऊ नये. इथे ‘इश हाबऽ’चे ‘इ हान’ होते, ‘निश्ट’चे ‘नेट’ होते, ‘इस्ट’चे ‘इश’ होते, आणि बेकरीत पावाला ‘वेकलऽ’ म्हणतात. या राज्याने स्वतःची जाहिरातच ‘आम्हाला सगळे येते, फक्त प्रमाण जर्मन येत नाही’ अशी केली होती. मालवणी किंवा अहिराणी ऐकताना आपण जसे हळूहळू सरावतो, तसेच इथेही होते. बोली समजून घ्यावी, बोलताना प्रमाण भाषा बोलावी.

शेवटी टपालाविषयी. हा देश महत्त्वाचे सर्व काही कागदावर कळवतो. रोज संध्याकाळी पेटी उघडा आणि एक पत्र शब्दकोश घेऊन स्वतः वाचा. भाषांतराचे ॲप त्यानंतर, पडताळणीसाठी. ‘फ्रिस्ट’ म्हणजे मुदत आणि ‘विडरश्प्रुख’ म्हणजे हरकत, हे दोन शब्द पहिल्याच आठवड्यात कार्डावर यायला हवेत. शासकीय निर्णयावर हरकत घेण्यास सामान्यतः एक महिना मिळतो, दंडाच्या नोटिशीवर दोनच आठवडे. पत्र पिवळ्या पाकिटातून आले असेल, तर त्यावर पोस्टमनने हाताने लिहिलेली तारीख पाहा, कारण मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. ते पाकीट फेकून देऊ नका. घराचा करारनामा असेल तर भाडेकरू संघाचे सभासद व्हा. वार्षिक वर्गणी भरल्यावर तिथले वकील करार वाचून समजावून सांगतात. जाताना तुम्ही रेघ मारलेल्या शब्दांची यादी सोबत न्या, आणि प्रश्न जर्मनमध्येच विचारा.