आधी तिकीट, मग शाळा? सहलीचं ठरवताना पालक करतात त्या चुका

दर जूनमध्ये पहिल्या पालकसभेला मी डायरीची मागची पानं उघडून दाखवते. सुट्ट्यांची यादी, घटक चाचण्यांचे आठवडे, रजेच्या अर्जाचा नमुना, सगळं तिथे छापलेलं असतं. सगळे माना डोलावतात. आणि ऑगस्ट उजाडला की त्यातलेच चार-पाच जण स्टाफरूमच्या दारात उभे: "बाई, तिकिटं काढून झालीत. आता तुम्हीच काहीतरी करा."

डोंबिवलीतल्या एका माध्यमिक शाळेत २१ वर्षं वर्गशिक्षिका आहे, बहुतेक वर्षं वाट्याला नववी नाहीतर दहावी. मी काहीही करू शकत नाही, हे उत्तर देऊन कंटाळा आला म्हणून हे लिहिते आहे. फिरायला जाण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः सुट्टी लागली की घरात टिकत नाही. पण त्याच त्या चुका दरवर्षी नव्या उत्साहाने होताना बघवत नाहीत.

आधी तिकीट, मग शाळा

बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटी जन्माला येतात.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं. मला वाटलं, आता तरी लोक दमाने घेतील. झालं उलटंच. साठाव्या दिवशी सकाळी ८ च्या ठोक्याला घरातले तीन मोबाइल तीन जणांच्या हातात. कोकणकन्या, मांडवी, तुतारी बघता बघता भरतात, त्या धास्तीने शाळेला एक फोन करावा हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

२०२५ चा एप्रिल आठवतोय ना? तोवर बऱ्याच शाळांत नववीपर्यंतच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आटपायच्या. मुलं मोकळी, निकाल १ मेच्या आसपास, तो आणायला शेजारच्या काकू. वर्षानुवर्षांचा हा रिवाज धरून लोकांनी १८ एप्रिलच्या गुड फ्रायडेची तिकिटं काढली. त्या दिवसाचं आरक्षण उघडलं १७ फेब्रुवारीला. आणि मार्चमध्ये राज्यभरासाठी एकच वेळापत्रक आलं: पहिली ते नववी, परीक्षा ८ ते २५ एप्रिल.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा तिकिटांची छापील प्रत घेऊन आले. केरळ, सहा माणसं, त्यात दोन आज्या. "बाई, ह्याचे शेवटचे दोन पेपर आधी घेता येतील का? तो कोणाला सांगणार नाही." मी म्हटलं, अहो, प्रश्नपत्रिका म्हणजे काय पोळीभाजीचा डबा आहे, आधी बांधून द्यायला? ते मुख्याध्यापकांकडे गेले, तिथेही तेच ऐकलं. शेवटी बाबा, आज्या आणि धाकटी केरळला, आई आणि मुलगा घरी. पेपर संपल्यावर दोघंच कर्जतला एक रात्र राहून आली. मुलगा अजून सांगतो की ती सहल जास्त मजेची होती, पण त्याच्या बाबांसमोर नाही सांगत.

हसू नका, त्या घोळात मीही होते. सावंतवाडीचं १९ एप्रिलचं तिकीट माझ्या पर्समध्ये. माझी मुलगी तेव्हा नववीत, आणि मला तर पेपर तपासून निकालपत्रकं लिहायची होती. वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं शहाणपण स्वतःच्या वेळी विसरले. नवरा आणि सासूबाई पुढे गेले, आंबे खाल्ले, आम्हाला फोटो पाठवले.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. परीक्षा जिथे संपते असं डायरीत लिहिलंय, तिथून पुढे सात दिवस मी कोरे सोडते. डायरी जूनमध्ये छापतात, परीक्षा एप्रिलमध्ये असते, मधे दहा महिने असतात. आणि विचारायचं तर मला विचारू नका. ऑफिसातल्या क्लार्क काकांना विचारा. परिपत्रक पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर येतं. आम्हा शिक्षकांना ते चहाच्या वेळी कळतं.

गेल्या वर्षीच्या तारखा यंदा चालवणं

२०२६ साठी हा खास इशारा. आपले सण चांद्रमासाने चालतात, त्यामुळे दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतात. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला बसले, २०२५ ला २७ ऑगस्टला. यंदा अधिक ज्येष्ठ होता, म्हणून १४ सप्टेंबर. दिवाळीचंही तसंच. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं, यंदा ८ नोव्हेंबरला आहे.

आता गंमत बघा. "दिवाळीची सुट्टी म्हणजे ऑक्टोबरचा शेवट" हे डोक्यात पक्कं बसलेल्या माणसाने यंदा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात राजस्थान ठरवलं, तर तो बरोबर प्रथम सत्र परीक्षेवर जाऊन आदळण्याची शक्यता मोठी. ती परीक्षा दिवाळीच्या सुट्टीआधी उरकायची असते. भिंतीवर कालनिर्णय लटकत असतं, एकदा पान उलटायला काय जातं?

गणपतीच्या सुट्टीबद्दल आणखी एक गैरसमज. ही सुट्टी सगळ्या शाळांना सारखी नसते. माध्यमिक शाळांच्या सुट्ट्या वर्षात ७६ दिवसांच्या वर जाऊ शकत नाहीत. शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दिवाळीतले किंवा उन्हाळ्यातले दिवस कापून ते गणपतीला नाहीतर नाताळला लावता येतात. म्हणून शेजारच्या शाळेला गणपतीत पाच दिवस आणि तुमच्या शाळेला दोनच, असं होतं. त्यात अन्याय काही नाही. तुमचे उरलेले दिवस दिवाळीत असतात.

खोटं आजारपण

ही माझी दुसरी लाडकी चूक. खरं तर दोडकी.

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलासाठी टायफॉइडचं सर्टिफिकेट आलं. आठ दिवस विश्रांती, डॉक्टरांची सही, शिक्का. नवव्या दिवशी मुलगा हजर, चेहरा टवटवीत, दप्तरात आग्र्याच्या पेठ्याचे दोन डबे. मधल्या सुट्टीत वर्गभर वाटला. मलाही दिला, केशरी होता. मुलांना खोटं बोलायला लावलं तरी ती अर्ध्या रस्त्यातच विसरतात. तो मला ताजमहालाचे मिनार थोडे बाहेर झुकलेले का बांधलेत तेही सांगत होता.

मी काही बोलले नाही. बोलले ते आमचे पीटीचे सर. मुलगा खो-खोच्या संघात होता, पुढच्याच आठवड्यात तालुकास्तराचे सामने. सरांनी सर्टिफिकेट वाचलं आणि सरळ सांगितलं, टायफॉइडमधून उठलेल्या मुलाला डॉक्टरांनी खेळायला फिट आहे असं लिहून दिल्याशिवाय मी मैदानात उतरवणार नाही. उद्या चक्कर येऊन पडला तर जबाबदार कोण? त्यांचं काही चुकलं का? कागदावर तर तो आजारी होता. आई धावत डॉक्टरांकडे गेली. दवाखान्याला कुलूप, डॉक्टर स्वतः सुट्टीवर गेलेले. सामने झाले, तो बाकावर बसून टाळ्या वाजवत होता. आई मला म्हणाली, "बाई, तुम्ही सरांना खरं सांगा ना." म्हणजे आता खोटं उघडं करायचं कामही माझ्याच गळ्यात.

सरळ लिहा. "कुटुंबासोबत बाहेरगावी जात असल्याने अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत गैरहजर राहील, बुडालेला अभ्यास पूर्ण करून घेऊ." दोन ओळी, खाली सही, जाण्याच्या आठवडाभर आधी. असा अर्ज आला की मला राग येत नाही, उलट मी त्या दिवसांत महत्त्वाची तोंडी परीक्षा असेल तर आधीच सांगते. रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर "टीचर वुई आर आउट ऑफ स्टेशन" असं आलं, तर मी ते सकाळी हजेरी घेऊन झाल्यावर वाचते.

आणि हो, अर्ज दिला म्हणजे हजेरी लागली असं नाही. रजा मंजूर असली तरी पटावर तो दिवस गैरहजेरीचाच. हे पाचवीत नव्याने आलेल्या पालकांना सांगितलं की ते माझ्याकडे असं बघतात जणू मी त्यांची फसवणूक केली. प्राथमिकला चालायचं म्हणतात. असेल.

"७५ टक्के लागतात ना? मग २५ टक्के आपले!"

हे वाक्य मी शब्दशः ऐकलेलं आहे, आणि सांगणारे गृहस्थ बँकेत होते.

बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के उपस्थिती लागते. राज्य मंडळ घ्या नाहीतर सीबीएसई. शाळेचे कामाचे दिवस २३० च्या आसपास. त्याचे २५ टक्के ५७, हा त्यांचा हिशेब. पण दहावीचं वर्ष जानेवारीतच संपतं. २०२६ ला लेखी परीक्षा २० फेब्रुवारीला सुरू झाली, तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. वर्गात बसायचे दिवस समजा १८० भरले, तर हातात ४५ उरतात. त्यातून खरा ताप, पावसाने लोकल बंद पडल्याचे दिवस, मावशीचं लग्न, आजोबांचं आजारपण वजा करा. जी रजा आपण ठरवून घेत नाही, तिच्यासाठी ती शिल्लक असते. डिसेंबरमध्ये डेंग्यू झाला की मग कळतं.

शिवाय टक्केवारीत न दिसणारं नुकसान वेगळंच. नववी-दहावीला विषयाचे ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत. भाषेची तोंडी, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, भूमितीची वही. एक दिवस चुकला आणि तो नेमका प्रात्यक्षिकाचा निघाला, तर मग मागे लागून, विनवण्या करून ते भरून काढावं लागतं. बोर्डाच्या तोंडी-प्रात्यक्षिकाला आजारपणासारखी खरी अडचण असेल तर लेखी परीक्षेनंतर आऊट ऑफ टर्नची, म्हणजे ती नंतर वेगळी देण्याची सोय आहे. ती "तोवर आम्ही काश्मीरला होतो" म्हणणाऱ्यांसाठी नाही.

माझी मावसबहीण इंग्लंडात असते. तिकडे सत्र चालू असताना परवानगीशिवाय पाच दिवस शाळा बुडवली, तर एका मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड लागू शकतो, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. ती मे महिन्यातल्या लग्नाला मुलांशिवाय एकटी आली, त्याबद्दल नातेवाईक अजून बोलतात. आपल्याकडे दंड नाही, म्हणून नियमच नाही असा आपला समज.

बारीकसारीक, पण दरवर्षीच्या

दोन मुलं दोन बोर्डांत: मोठा राज्य मंडळात, धाकटी सीबीएसईत, तर तिचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं आणि नाताळात तिला सुट्टी असताना मोठ्याची चाचणी असू शकते. दोन्ही डायऱ्या शेजारी ठेवून हायलाइटरने खुणा करा. मोबाइलमधलं अ‍ॅप मला यासाठी पटत नाही.

नागपूरच्या मावसभावंडांबरोबर जूनमध्ये फिरायचं ठरवताय? विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. २०२५ ला बाकी महाराष्ट्र १६ जूनला सुरू झाला, विदर्भ २३ ला. ते मोकळे असतात, तुम्ही नाही.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तारखा सुट्ट्यांच्या यादीत शोधू नका, चित्रकलेच्या सरांना विचारा. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि तो पेपर हुकला तर पुढच्या वर्षावर जातो.

दहावीचे पालक: दिवाळीची सुट्टी जशीच्या तशी तुमची आहे असं धरू नका, बऱ्याच शाळा त्यात जादा तास घेतात. आणि नववीचा मे महिनाही हल्ली पूर्ण हाती लागत नाही.

"शेवटचे दोन दिवस शाळेत काही शिकवतच नाहीत." शिकवतो हो. नाही शिकवलं तर प्रकल्पाच्या वह्या घेतो, ते जास्त महाग पडतं.

रविवारी रात्री परत येणं

अकराला ठाण्यात उतरायचं, बाराला घरी, पाच बॅगा तशाच दारात, आणि सोमवारी सकाळी ७ ला शाळा. त्या सोमवारी माझ्या वर्गात पाच-सहा जण गैरहजर असतात आणि जे आलेले असतात ते पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपतात. सुट्टीचा शेवटचा दिवस घरात काढायचा. कपडे धुवायचे, वरणभात खायचा, दप्तर भरायचं. मुलं कुरकुर करतात, करू द्यावी.

यंदा गणपतीला आम्ही जातोय. क्लार्क काकांना विचारून झालं, त्यांनी सांगितलं की घटक चाचणी सुट्टीनंतर लगेच आहे. १२ सप्टेंबरच्या गाडीचं आरक्षण १४ जुलैला, मंगळवारी उघडेल. परतीचं मी शनिवारचं काढणार आहे. नवऱ्याला रविवारचं हवं होतं.