आउटबोर्डचा पंखा निवडताना आधी आरपीएम बघा

छोट्या बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाचा, म्हणजे आउटबोर्डचा, पंखा (प्रॉपेलर) बदलायचा म्हटलं की आधी वेगाच्या गप्पा सुरू होतात. वेगाचं नंतर बघू. पंखा बरोबर आहे की नाही याचा निवाडा एका आकड्यावर होतो: नेहमीचं वजन घेऊन, पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, गाठतं. मॅन्युअलमध्ये त्यासाठी पल्ला दिलेला असतो, उदाहरणार्थ ५००० ते ६०००. आरपीएम दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा त्या पल्ल्याच्या वरच्या अर्ध्या भागात यायला हवा. म्हणजे एखाद्या दिवशी दोन माणसं जास्त बसली तरी इंजिन पल्ल्याखाली दबत नाही.

काटा पल्ल्यापर्यंत पोचतच नसेल तर पंखा इंजिनाला जड आहे; वजनाने नव्हे, फिरवायला. हे दुखणं लवकर लक्षात येत नाही, कारण बोट चालत असते आणि इंजिनाचा आवाजही शांत वाटतो. पण कमी आरपीएमवर पूर्ण थ्रॉटल दिला की सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढते, कार्बन साचतो, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं आणि शेवटी पिस्टन जातो. पंखा फार हलका असेल तर इंजिन पल्ल्याच्या वर पळतं, किंवा आरपीएम रोखणारा लिमिटर लागून अडखळतं. दोन्हींत जड पंखा जास्त धोक्याचा, कारण तो गुपचूप नुकसान करतो.

पंख्यावरचे आकडे

पंख्यावर ११ × १३ असं काहीतरी कोरलेलं सापडेल. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पंखा पाण्यात जराही न घसरता एका फेऱ्यात जितके इंच पुढे जाईल, तो त्याचा पिच. व्यास बहुतेक वेळा गिअरकेसच्या (इंजिनाच्या पाण्यातल्या, गिअर असलेल्या खालच्या भागाच्या) मापावर ठरलेला असतो, म्हणून आपण बदलायचा तो पिचच. नवा पंखा घेताना शाफ्टवरच्या दात्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा जुन्याशी जुळते का, हेही बघा.

चाचणी

शांत पाणी, अर्धी टाकी, नेहमीची माणसं आणि सामान. बोट रिकामी पळवून काढलेला आकडा काही कामाचा नाही. टॅकोमीटर नसेल तर प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा मीटर मिळतो. त्यावर इंजिनाचा प्रकार नीट निवडा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला अडकवा, ट्रिम म्हणजे इंजिनाचा तिरपेपणा जुळवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा स्थिर झाल्यावर वाचा. वारा-प्रवाहाचा फरक निघून जावा म्हणून उलट दिशेनेही एकदा पळवा आणि सरासरी घ्या.

मग हिशोब सोपा आहे. पिच १ इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, वाढवला तर तितकेच घटतात. समजा १३ पिचवर ५१०० मिळाले आणि हवेत ५५००च्या आसपास: २ इंच कमी, म्हणजे ११ पिच घ्या.

घसरण, म्हणजे कागदावरच्या वेगापेक्षा बोट प्रत्यक्षात किती टक्के कमी पळते, तेही काढून ठेवा. आरपीएमला गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) भागा, पिचने गुणा आणि ६५६ने भागा; ताशी किलोमीटरमध्ये कागदावरचा वेग मिळतो. ५५०० आरपीएम, रेशो २, पिच ११ धरला तर तो ४६ येतो. जीपीएसवर ३९ दिसत असेल तर घसरण १५ टक्के. पाण्यावर उठून पळणाऱ्या हलक्या बोटीला १० ते २० टक्के ठीक. जड, संथ बोटीत ती जास्तच असते. हलक्या बोटीत २५च्या वर गेली तर नवा पंखा घेण्याआधी इंजिनाची उंची, वाकलेली पाती आणि बोटीच्या तळावरचं शेवाळ तपासा. पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाशी समपातळीत किंवा इंचभर वर असावी. इंजिन त्याहून वर बसलं असेल तर वळणावर पंखा हवा ओढतो, आरपीएम एकदम चढतात आणि जोर निघून जातो.

पाती आणि धातू

बहुतेकांना तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा पुरतो. चार पात्यांचा पंखा पाणी घट्ट धरतो, भरलेली बोट लवकर उचलतो, पण वरचा वेग थोडा खातो. तो घेताना पिच साधारण १ इंच कमी धरा. स्टीलची पाती पातळ असूनही जोराखाली वाकत नाहीत, त्यामुळे वेग थोडा वाढतो. मात्र खडकाळ उथळ पाण्यात ॲल्युमिनियमच बरं: धडक बसली की पातं वाकतं आणि गिअर वाचण्याची शक्यता वाढते.

बसवताना

किल्ली काढा, प्लगच्या वायरी सोडवा, मगच पंख्याला हात लावा. नट सोडवताना पातं आणि वरची प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. पंखा निघाला की शाफ्टच्या बुंध्याशी मासेमारीची दोरी गुंडाळली आहे का बघा. ती सील कापते, पाणी आत शिरतं आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. दात्यांना मरीन ग्रीस लावा. पंख्याच्या पुढे शाफ्टवर बसणाऱ्या थ्रस्ट वॉशरची उतरती बाजू शाफ्टच्या उताराकडे बसली पाहिजे. उलटा बसला किंवा राहूनच गेला तर पंखा गिअरकेसला घासतो. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला. अगदी छोट्या इंजिनांत पंखा शिअर पिनवर, म्हणजे धडकेत मुद्दाम आधी तुटणाऱ्या पिनेवर, असतो. ती तुटली म्हणून तिथे खिळा ठोकू नका. पुढच्या धडकेत गिअर तुटेल. दोन पिना बोटीत ठेवा.

आरपीएम चढतात पण सरळ जातानाही बोट वेग घेत नाही, तेव्हा पंख्यातला रबरी बुश घसरत असण्याची दाट शंका घ्या. पंखा काढून आतली नळी आणि बाहेरचा भाग यांवर एकच सरळ रेघ ओढा, पुन्हा बसवून जोरात एक फेरी मारा. रेघ तुटलेली दिसली तर बुश गेला. तोवर कमी थ्रॉटलवर किनारा गाठता येतो.