पाउलींचे विवर्जन तत्त्व कसे समजावून सांगावे

अणूच्या कवचांत इलेक्ट्रॉन 2, 8, 18 असे मावतात हे शाळेत पाठ करून घेतले जाते, पण दोनच का आणि आठच का, हे सहसा सांगितले जात नाही. याचे उत्तर भौतिकशास्त्रज्ञ व्होल्फगांग पाउली यांनी 1925 मध्ये मांडलेल्या विवर्जन तत्त्वात आहे. ते विद्यार्थ्याला सांगताना समीकरण बाजूला ठेवावे आणि कागद-पेन्सिल घ्यावी.

प्रथम एवढेच सांगावे, की अणूतील इलेक्ट्रॉनची अवस्था चार पुंजांकांनी (क्वांटम अंकांनी) ठरते: पहिल्यावरून कवच कळते, दुसऱ्यावरून ऑर्बिटलचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता असलेल्या जागेचा, आकार, तिसऱ्यावरून त्याची दिशा आणि चौथ्यावरून स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुणधर्म, ज्याच्या किमती दोनच, वर किंवा खाली. एका अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे हे चारही अंक सारखे असू शकत नाहीत.

मग प्रत्येक ऑर्बिटलसाठी एक चौकट काढून तीत प्रत्येक इलेक्ट्रॉनसाठी त्याच्या स्पिनप्रमाणे वर किंवा खाली बाण भरायला लावावेत. पहिल्या कवचात ऑर्बिटल एकच, म्हणून चौकट एक आणि बाण दोन. हेलियम येथेच पूर्ण होतो. लिथियमचा तिसरा बाण त्याच चौकटीत कसाही काढला तरी आधीच्या एकाशी जुळतोच, हे मुलाच्या स्वतःच्या लक्षात येऊ द्यावे. येथे घाई करू नये. तो इलेक्ट्रॉन दुसऱ्या कवचात जातो, केंद्रकाची ओढ त्याला कमी जाणवते, आणि म्हणूनच हेलियमचा एक इलेक्ट्रॉन काढायला 24.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, तर लिथियमचा 5.4 मध्ये सुटतो. दुसऱ्या कवचात चौकटी चार, म्हणून जागा आठ.

इलेक्ट्रॉन सारख्या विद्युतभारामुळे एकमेकांना ढकलतात म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण मात्र कधीही देऊ नये. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, तरीही त्याला हे तत्त्व लागू पडते. नाट्यगृहातील खुर्च्यांचा दाखलाही जपून वापरावा, कारण खुर्चीवरच्या माणसांना नावे असतात आणि इलेक्ट्रॉन एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत. मोठ्या मुलांना खरे मूळ येथेच दाखवता येते. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली की त्यांच्या तरंगफलनाचे, म्हणजे त्यांची अवस्था सांगणाऱ्या गणिती राशीचे, चिन्ह उलटते. पण दोघे एकाच अवस्थेत असतील तर अदलाबदलीने काहीच बदलायला नको. चिन्ह उलटूनही तीच राहणारी संख्या फक्त शून्य, म्हणजे तशी स्थिती संभवतच नाही. मला या तत्त्वातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

एवढे समजले की श्वेत बटू ताऱ्यांकडे, म्हणजे इंधन संपल्यावर उरणाऱ्या लहान, अतिघन ताऱ्यांकडे, वळावे. तेथे ताऱ्याचे आकुंचन थोपवणारा दाब याच तत्त्वातून येतो, कारण खालच्या अवस्था भरल्यावर उरलेल्या इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक वेगाच्या अवस्था घ्याव्या लागतात. 1930 मध्ये मुंबईहून इंग्लंडला बोटीने जाताना एकोणीस वर्षांचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर याच इलेक्ट्रॉनांचे गणित करत होते. इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोचला की हा दाब पुरेसा वाढत नाही, असे त्यांना आढळले. श्वेत बटू ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 1.4 पटीहून अधिक असू शकत नाही, ही मर्यादा त्यातूनच आली.